कानातली शिट्टी आणि वायरींची पेटी

रिटायर झालेल्या माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, ज्याला त्याला वाटतं. कुणी सकाळी फिरायला चला म्हणतो, कुणी गुलाबाची कलमं आणून देतो, पत्त्यांच्या डावाचं आमंत्रण तर रोजचंच. मी सगळ्यांना हो हो म्हणून वाटेला लावलं. वाद्य शिका असं मात्र एकानेही सुचवलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या घरात वाद्य म्हणजे दारावरची बेल. ती वाजली की बायको उठते, कारण मला ती ऐकू येत नाही.

तरी गेला हिवाळाभर मी मॉड्युलर सिंथेसायझर नावाचं वाद्य घ्यावं की न घ्यावं याच विचारात होतो. हे नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. बायको त्याला वायरीची पेटी म्हणते, मीही तेच म्हणतो.

वणीजवळच्या उघड्या खाणीत माझी सगळी नोकरी शॉव्हेलवर गेली. शॉव्हेल म्हणजे माती आणि कोळसा उपसून डंपरात ओतणारं अवाढव्य यंत्र. त्याच्या केबिनमध्ये शेजारच्याने कानाला तोंड लावून बोललं तरी समजत नाही. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले की डंपरचा हॉर्न ऐकू यायचा नाही, म्हणून आम्ही ते खिशात ठेवायचो. काम चालायचं ते हातावर. लिव्हरवरच्या तळव्याला आणि सीटखालच्या थरथरीला सगळं कळायचं. बकेट दगडाला अडली, मोटार दमली, कुठे बोल्ट सैल झाला, तळवा सांगायचा. खाणीतला माणूस कुठल्याही यंत्रापाशी गेला की आधी त्याला हात लावतो. फ्रिज चालू आहे की नाही हे मी अजूनही हात लावूनच बघतो, आणि बायको हसते.

कान एकदमच गेले असते तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. जाड आवाज शाबूत आहेत. चंद्रपूर रोडने जाणारा प्रत्येक ट्रक मला ऐकू येतो. भरलेला कोणता आणि रिकामा कोणता, हेही सांगतो. गेले ते बारीक आवाज. पाखरं गेली, कुकर गेला, फोनवर बोलणारी नात गेली. आणि बायको गेली, म्हणजे तिचं बोलणं. ती अंगणवाडीत होती. आवाज मुळातच बारीक, त्यात पोरांना गाणी म्हणून दाखवून आणखी बारीक झालेला. समोर उभी राहून बोलली तर ओठांवरून निम्मं समजतं, निम्मं मी मनाने भरतो. पाठमोरी बोलली तर संपलंच.

या गेलेल्या आवाजांच्या जागी एक शिट्टी येऊन बसली आहे. ती थांबत नाही, दम घेत नाही, कमी-जास्तही होत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे थोडा वेळ डोळे मिटून शांत बसतात. त्या शांततेत इतरांना काय मिळतं ते मिळो, मला तिथे शिट्टी सगळ्यात मोठी ऐकू येते. बाहेर आल्यावर चपला शोधताना कुणीतरी हमखास म्हणतो, "किती बरं वाटते ना बापा इथं बसलं की." मी मान डोलवतो.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की याला औषध नाही, सवय करून घ्या. घरी बसून सवयच करायची होती तर नागपूरला कशाला बोलावलं, असं मी विचारणार होतो, पण बायकोने माझा हात दाबला. त्याने दिलेलं कानाचं मशीन लावलं तर ट्रक आणखी मोठे झाले. मशीन आता कपाटात आहे.

खरं दुखणं शिट्टीचं नव्हतंच. बायकोला ती खरी वाटत नव्हती, हे दुखणं होतं.

"अजी, मी कवाची बोलून राह्यली, आयकू येते का नाई?"

"कानात शिट्टी वाजून राह्यली ना वो."

"मंग ट्रक कसे आयकू येते? माह्यंच बोलनं काहून नाई येत?"

तिचा प्रश्न बिनतोड आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मी तिला तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली. खराब झालेल्या ट्यूबलाइटजवळ उभं करून म्हणालो, असं. रातकिडे ओरडत असतील तेव्हा म्हणालो, असं, पण न थांबता. पूर्वी टीव्हीचे कार्यक्रम संपल्यावर एक सूर लागायचा, त्याचीही आठवण करून दिली. तिने प्रत्येक वेळी ऐकल्यासारखं केलं. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "मले दिसत नाई, आयकू येत नाई, तर मी मानू कशी? दाखवा ना मंग."

बरं होण्याची आशा मी केव्हाच सोडली होती. तिने ती शिट्टी एकदा ऐकावी, एवढीच इच्छा उरली होती. मी मुद्दाम ऐकत नाही असं तिला वाटतं, ते तिच्या मनातून निघून जावं. एकाच घरात राहून ती एकीकडे आणि मी एकीकडे, अशी आमची म्हातारपणाची सुरुवात झाली होती, आणि मला त्याची भीती वाटायची.

मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खाणीतला एक इंजिनिअर भाड्याने राहायचा. नाशिककडचा, तिशीतला, एकटा. एका संध्याकाळी त्याच्या घरावरून जाताना मला पायाखाली थरथर जाणवली. कुणीतरी घरात कॉम्प्रेसर चालवतंय अशी माझी खात्रीच झाली. राहत्या वस्तीत कॉम्प्रेसर! मी तक्रार करायला जिना चढलो. तक्रारीसाठी जिना चढताना माझे गुडघे दुखत नाहीत, असं बायको म्हणते.

त्याने दार उघडलं. टेबलावर एक लाकडी पेटी उभी होती, तिच्यात लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या, पट्ट्यांवर नॉब आणि बारीक भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीत वायरी. इलेक्ट्रिशियनने काम अर्धवट सोडून जेवायला जावं तसा सगळा प्रकार.

"कॉम्प्रेसर कुठी हाये?" मी विचारलं.

"कॉम्प्रेसर नाही काका, हे वाद्य आहे."

"वाद्य? याले वाजवते कुठून?"

पोरगा मोठ्या आवाजात, तोंड माझ्याकडे करून बोलायचा. खाणीत काम करणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही. त्याने सांगितलं की एक पट्टी सूर काढते, दुसरी तो गाळते, तिसरी तो किती बाहेर सोडायचा ते ठरवते, आणि कोणती कुणाला जोडायची ते आपण वायरीने ठरवायचं. पेटी अशी पट्टी-पट्टीने वाढवत न्यायची. बसवलेला आवाज कुठे साठवून ठेवता येत नाही. वायरी काढल्या की तो आवाज गेला, पुन्हा तसाच लागेल याची खात्री नाही.

"मंग फायदा काय?"

"फायदा काहीच नाही, काका."

छंदाबद्दल इतकं सरळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

त्याने मला एक नॉब फिरवू दिला. आवाज खाली, आणखी खाली गेला आणि टेबल थरथरायला लागलं. मी सवयीने पेटीवर तळवा ठेवला. सकाळच्या पाळीला शॉव्हेल सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला हातात यायची तीच थरथर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या यंत्राने कान खाल्ले त्याच्याच आठवणीने रडू यावं, हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. मी खोकला आल्याचं सोंग केलं.

"याच्यातून कोनताबी आवाज निंगते?"

"कुठलाही म्हणता येईल. चिकाटी पाहिजे."

तेव्हाच माझ्या डोक्यात ते शिरलं. कुठलाही आवाज निघतो, तर माझा का निघणार नाही?

पुढे कळलं की त्याची बदली व्हायची होती आणि लग्नही ठरलं होतं. पेटी तो विकणार होता. म्हणाला, काका, तुम्हाला हवी असेल तर आधी तुम्ही सांगा. मी विचार करतो म्हणालो, आणि खरंच विचार करत बसलो.

घ्यावी असं वाटण्याला कारण एकच, न घ्यावी असं वाटण्याला कितीतरी. वणीत तबला शिकवणारा आहे, हार्मोनियम शिकवणारा आहे. या पेटीचं नाव काढलं तर लोक मला नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात पाठवतील. पट्ट्यांवरची इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी. मोबाईलवर या पेट्या वाजवणारे परदेशातले लोक बघितले, तर त्यांच्या खोल्या पांढऱ्या स्वच्छ, कोपऱ्यात हिरवीगार झाडं. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं इतकी कोळशाची धूळ. त्यापायी बायकोने घरातल्या प्रत्येक वस्तूला खोळ शिवली आहे. टीव्हीला, मिक्सरला तर आहेच, गॅसच्या सिलिंडरलाही फुलाफुलांची आहे. संध्याकाळ झाली की ती सगळ्यांना खोळी घालते, आणि आमच्या भागातल्या बहुतेक घरांत हेच चालतं.

"वायरी लटकल्या तं खोळ घालू कशी?" तिने विचारलं.

"काढाव्या लागन."

"अन मंग दुसऱ्या दिवशी?"

"पुन्हा लावायच्या."

"म्हंजे रोज जमवाचं अन रोज मोडाचं. कायले?"

इंजिनिअरच्या पेटीच्या भोकांतही काळं बसलंच होतं. काही नॉब फिरवताना अडखळायचे. तो स्वतः म्हणाला की इथे ही फार दिवस टिकणार नाही. तरी मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो, दोन वायरी इकडच्या तिकडे करायचो आणि थरथर घेऊन घरी यायचो. बारीक आवाजाकडे जायचं धाडस होत नव्हतं. ते बायकोसमोरच करायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. तिला शिट्टी ऐकवता आली तर पेटी घ्यायची, नाही आली तर विषय बंद.

एका रविवारी विहारातून परत येताना मी तिला तिकडे घेऊन गेलो. तिच्या अंगावर वंदनेची पांढरी साडी होती, धुळीने खराब होईल म्हणून ती खुर्चीच्या टोकावर बसली. खोलीत खुर्ची एकच, आणि ती स्पीकरच्या बाजूला. इंजिनिअरने वायरी जोडून दिल्या. या नॉबने सूर बारीक होत जाईल, याने आवाज लहान-मोठा होईल, सावकाश फिरवा काका, असं सांगून तो चहासाठी दूध आणायला खाली उतरला.

मी एक तळवा पेटीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने नॉब फिरवायला लागलो. आधी जाड सूर आला, टेबल थरथरलं. मग तो वर चढला. खाणीच्या भोंग्यासारखा झाला, मग मोटारसायकलच्या हॉर्नसारखा, मग बारीक, आणखी बारीक. तो शिट्टीच्या दिशेनेच चालला होता. आता येईल, आता येईल असं वाटत असतानाच तो नाहीसा झाला.

पेटी हाताखाली मेल्यासारखी होती, थरथर अजिबात नव्हती. वायर निसटली असणार, असं मी धरून चाललो. सगळ्या वायरी दाबून पाहिल्या. आवाजाचा नॉब थोडा फिरवला, काही नाही. आणखी फिरवला. परत हात लावला, थंडगार. मग मी तो शेवटापर्यंत फिरवला. कानात माझी शिट्टी नेहमीसारखी वाजत होती, बाहेर सगळं सामसूम. बंद पडली म्हटलं, आपल्या नशिबाने नेमकी आजच बंद पडली.

बायकोकडे पाहिलं तर तिने पदराचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. डोळे भरून वाहत होते. ती जागची हलत नव्हती.

"काय झालं वो?" मी विचारलं.

तिचे ओठ हलले. मला काही कळलं नाही.

तेवढ्यात इंजिनिअर धावत आत आला. दुधाची पिशवी काखेत, दोन्ही हात कानांवर. त्याने एक वायर खसकन उपटली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोचे खांदे सैल झाले. मला मात्र वायर असतानाचं आणि नसतानाचं सगळं सारखंच होतं.

तो माझ्यासमोर येऊन एकेक शब्द तोडत बोलला, "काका, आवाज पूर्ण फुल होता. खाली रस्त्यावर कुत्री ओरडत होती." मग बायकोकडे वळून तो म्हणाला, "काकू, तुम्ही कान तरी झाकायचे!"

तिचं उत्तर त्याने मला पुन्हा सांगितलं, कारण ते मला समजलं नव्हतं. ती म्हणाली होती, "मले वाटलं, हे आयकून राह्यले. यायच्या कानात रोज हेच वाजते, तं आपन घडीभर नाई सोसू का?"

चहा कसा संपला ते मला आठवत नाही. पेटीचं काय, असं त्याने जिन्यावर विचारलं. नको म्हणालो. धूळ फार आहे आमच्याकडे, असंही म्हणालो. जे वाद्य गल्लीतल्या कुत्र्यांना ऐकू येतं आणि वाजवणाऱ्यालाच येत नाही, ते घेऊन मी करणार काय होतो?

घरी जाताना बायको मध्येच थांबली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "रोज येवढं वाजते?" तिने विचारलं. हे मला नीट समजलं. मी मान हलवली. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोरून चालत आलं होतं, ते मी परत कसं पाठवणार?

त्यानंतर ती बदलली. बोलायच्या आधी खांद्याला हात लावायची, समोर यायची, सावकाश बोलायची. ऐकलं नाही म्हणून एकदाही चिडली नाही. शेजारणीला सांगताना मी तिचे ओठ पाहिले, "लय सोसते हा मानूस." मला सुखाने झोप यायला हवी होती. पण ती माझी कीव करत होती ती कशापायी, हे मलाच माहीत नव्हतं. तिने ऐकलेला सूर मी ऐकलाच नव्हता. माझी शिट्टी तशी आहे की नाही, त्याहून लहान आहे की मोठी, हे ठरवणार कसं? माझी शिट्टी नेमकी तिथेच बसली आहे जिथे बाहेरचं काही पोचत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघायला माझ्याजवळ कान नाही, आणि दुसऱ्या कुणाजवळ माझी शिट्टी नाही. म्हणजे पेटी घेतली असती, चिकाटीने शिकलो असतो, मरेपर्यंत नॉब फिरवत बसलो असतो तरी हे होणारच नव्हतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इंजिनिअर बदली होऊन गेला. पेटी त्याने पुण्याच्या कुणाला तरी विकली म्हणे. मग एका सकाळी बायको भाकरी थापत असताना मी स्वयंपाकघरात गेलो आणि सांगून टाकलं. "त्या दिवशी मले काहीच नाई आयकू आलं. हाताले थरथर नाई लागली, तं मले वाटलं मशीन बंद हाये."

तिचे हात पिठात थांबले. तिने माझ्याकडे तोंड करून विचारलं, म्हणून शब्द न् शब्द समजला.

"मंग म्या काय आयकलं?"

"मले काय मालूम."

ती तव्याकडे वळली. भाकरी उलटताना पाठमोरीच पुढे काहीतरी बोलली, बराच वेळ बोलत होती; खांदे हलत होते त्यावरून कळलं. पूर्वी मी ओरडून विचारलं असतं, काय म्हनलं म्हणून. या वेळी ताट घेतलं आणि तिचं बोलून होईपर्यंत तिथेच खाली बसलो.